तळेघरच्या चढावर

आमची गाडी बंद पडली तेव्हा बायकोचं माहेर जेमतेम तीन किलोमीटर राहिलं होतं.

गाडी म्हणजे मूळचा जुना टेम्पो. बायकोच्या फुप्फुसांचा आजार वाढला, बसून प्रवास जमेना, म्हणून मी त्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि तिच्या ऑक्सिजनच्या मशीनसाठी बॅटऱ्या बसवून घेतल्या. डॉक्टर पुढच्या उन्हाळ्याविषयी बोलणं टाळत होते. तिला एकदा तळेघरजवळच्या आपल्या माहेरच्या ओट्यावर आडवं व्हायचं होतं. दुसरं काही ती मागत नव्हती.

शिनोलीनंतर इंजिनाच्या तापमानाचा काटा चढू लागला. मी दोनदा थांबून पाणी घातलं. तरी एका वळणावर धूर आला आणि इंजिन जाम झालं. हँडब्रेक ओढून मी मागच्या चाकांना दगड लावले, वळणापलीकडे लाल त्रिकोण ठेवला. बॅटऱ्या इंजिनावर चार्ज व्हायच्या. आता त्या फार तर दोन तास पुरणार होत्या. घोडेगावच्या रुग्णवाहिकेला, मंचरच्या क्रेनवाल्याला आणि मेव्हण्याला फोन केले.

मेव्हणा आधी पोचला, ट्रॅक्टर घेऊन. शेजारी वहिनी, त्याची बायको, बसली होती. गाडी बघता बघता त्याने दोर उलगडला.

"दाजी, बसा स्टेरिंगला. वढून नेतो वर."

"टाकीसकट साडेतीन टन आहे. इंजिन बंद असलं की ब्रेक धड लागत नाही. दोर तुटला तर गाडी मागं दरीत जाईल. आणि ती आत आहे."

"आमी लाकडं वढतो राव याच दोरानं!"

"लाकडाला ऑक्सिजन लागत नाही. वर लाईट आहे का?"

"कालपासनं न्हाई. पण यील की."

"कधी?"

तो लाल झाला. "तुमचं सदा हेच! हिशेब, हिशेब! बहीण दारात आली नि तिला माघारी धाडू व्हय? लोक काय म्हनतील?"

मी गाडीला दोर लावू देईना. त्याने तरी हुकात फास अडकवला. आम्ही दोघं रस्त्यात ओढाओढ करत असताना खिडकीतून तिने हाक मारली. आवाज इतका बारीक होता की वहिनीलाच ऐकू गेला.

"वैनी, वटी भर माजी."

माहेरवाशिणीची ओटी माहेरून निघताना भरतात. ती तर अजून पोचलीच नव्हती. वहिनीने ते मेव्हण्याला ओरडून सांगितलं; त्याने ओढणं थांबवलं, पण दोर सोडला नाही.

वहिनी घाईने, रिकाम्या हाताने आली होती. ना नारळ, ना तांदूळ. आत जाऊन तिने आमच्याच डब्यातले, दुकानातून आणलेले तांदूळ ओंजळीत घेतले. भाताच्या गावची लेक, आणि तिच्या पदरात विकतचे तांदूळ. वहिनी रडत होती. बायको रडली नाही. पदराची गाठ मारून ती म्हणाली, "दादा, सोड ती दोरी."

त्याने फास सोडला.

रुग्णवाहिका आली. चालकाला मी विचारून पाहिलं, वर नेऊन आणता येईल का. तो म्हणाला, पेशंट फक्त दवाखान्यात. मेव्हणा तिच्याबरोबर बसून खाली गेला. क्रेनवाल्याने सपाट हौद्याची गाडी आणली होती. मी शेगडीचा सिलिंडर बंद केला, पाण्याची टाकी रस्त्यावर मोकळी केली. त्याने गाडी वायररोपने वर ओढून चारही चाकं पट्ट्यांनी बांधली. ओढलेल्या गाडीत कुणी बसायचं नसतं, म्हणून मी पुढे क्रेनवाल्याशेजारी बसलो. काही अपघात झाला नाही.

दवाखान्यात तिला जेवणासाठी नाकातून नळी घातली होती. पदराची गाठ तिच्या मुठीत होती. ओटीचे तांदूळ बाईने स्वतः शिजवून खायचे असतात. नळीने जेवणाऱ्या बाईला ते कसे द्यायचे, हे मी नर्सला विचारलं, मग वहिनीला फोन करून विचारलं.