माझ्या गोष्टीतली ताई

सत्तरच्या दशकात मी काटोल रस्त्यावरच्या एका खेड्यात शिकवायची. नागपूरहून रोज एस.टी.नं जाणं-येणं. सातवी झाली की मुली शाळेतून गळायच्या. मग हेडमास्तर म्हणायचे, "बाई, घरोघरी जा, तुमची गोष्ट सांगा. आपबीती ऐकली की लोक बदलतात." स्वतः मात्र खुर्चीतून हलतील तर शपथ!

माझी गोष्ट छोटी होती. आई लवकर गेली. ताईनं चौथीत शाळा सोडली, चूल सांभाळली, म्हणून मी शिकले, मास्तरीण झाले. "ताईनं भाकऱ्या थापल्या म्हणून माझ्या हातात पुस्तक आलं," या वाक्याला बाया पदरानं डोळे पुसायच्या. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायचं. मी तिथे मुद्दाम थोडी थांबायची.

एका वर्षी मी एका मुलीसाठी हट्टाला पेटले होते. सातवीत पहिली आलेली. गणित असं, की मी फळ्यावर मांडेपर्यंत हिचं उत्तर तयार! तिला आठवीसाठी काटोलच्या हायस्कुलात जायचं होतं. आई दिवसभर संत्र्याच्या बगिच्यात मजुरीला, घरी तान्हं मूल, आणि त्याला सांभाळायला दुसरीतून काढलेली धाकटी बहीण. मी त्यांच्या ओसरीवर बसून सगळी गोष्ट सांगितली. बापाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, डोळे उघडले तुमी माझे," म्हणाला. मी खुशीत परतीची बस पकडली.

शाळा उघडली त्या दिवशी तो धाकटीला घेऊन आला. नवा फ्रॉक, लाल रिबिनी.

"हिचं नाव पुन्हा घाला. आता हिले तुमच्यासारखी मास्तरीण करतो."

"अन् मोठी?"

"मोठी घर पाहते, पोराले सांभाळते. तुमच्या ताईसारखी. तुमीच तं सांगतलं!"

माणूस खरंच अभिमानानं सांगत होता हो! मी कपाळावर हात मारून घेतला. तणतणत हेडमास्तरांकडे गेले, तर म्हणतात, "एक गेली, एक आली. पट तर तेवढाच राहिला ना?" असा संताप आला, की हातातलं हजेरीपुस्तक त्यांच्याच टेबलावर आपटलं.

संध्याकाळी पुन्हा त्या ओसरीवर गेले. दोघींना शिकवा म्हणून घसा कोरडा केला. बाप आपला एकच धरून बसलेला, "पण तुमच्या घरी तं असंच झालं न बाई?" मी पिशवी उचलली आणि उठले.

मोठी मला बसपर्यंत सोडायला आली. कडेवर तान्हं. रडली नाही, भांडली नाही. बस दिसली तेव्हा म्हणाली, "बाई, तुमच्या ताईले कोणी विचारलं होतं का, तिले शिकाचं होतं का म्हणून?"

मला माहीत नव्हतं. इतक्या ओसऱ्यांवर ती गोष्ट सांगितली, आणि मला माहीत नव्हतं.

घरी आले तर ताई चुलीपुढेच होती. चप्पलही न काढता मी तिला तेच विचारलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता काहून विचारून राहिली वं?"