तोमास आजोबांचा खटला

माझी बायको आशा कुकरशी स्पॅनिशमध्ये बोलते. शिट्टीची वाट बघत ओट्यापाशी उभी राहते आणि पुटपुटते. हे पुटपुटणं माझ्याबद्दल असतं असा माझा बारा वर्षांचा संशय आहे, कारण मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की ते बंद होतं.

ती मूळची लासलगावजवळच्या खेड्यातली. ओझरच्या बाजूला एका द्राक्ष निर्यात कंपनीत कागदपत्रं बघायची. स्पेनच्या गिऱ्हाइकांची पत्रं यायची, ती वाचणारा माणूस नोकरी सोडून गेला. "मला कळल्याशिवाय मी सही करणार नाही," असं साहेबांना सुनावून ही बाई पोळ्या लाटता लाटता मोबाइलवर ऐकून स्पॅनिश शिकली. भाजीवाल्याने माप मारलं की त्याला त्याच भाषेत झापायची. तो बिचारा "हो ताई" म्हणायचा. आता निवृत्त झाल्यावर इंदिरानगरच्या आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून ती परदेशातल्या लोकांची जुनी स्पॅनिश पत्रं इंग्रजीत करून देते. स्पेन तिने पाहिलेला नाही. तिचा सगळ्यात लांबचा प्रवास तिरुपतीचा, तोही मनमाडला गाडी चुकवून.

गेल्या गुरुवारी इंग्लंडहून लूसिया नावाच्या मुलीचा मेल आला. तिला मुलगा झाला होता. तिच्या मनात त्याला तोमास आजोबांचं नाव द्यायचं होतं, पण आई म्हणे, "त्या माणसाने तुझ्या आजीचा जन्मभर छळ केला." आजी आणि आजोबा दोघेही गेलेले. आजीने तिला लिहिलेलं एकच पत्र उरलं होतं आणि लूसियाला स्पॅनिश येत नव्हतं. शनिवारी नाव नोंदवायचं होतं. त्याच्या आत आजी सुखी होती की नाही, एवढं तिला हवं होतं.

पत्रात कोंबड्या होत्या, गळकं छप्पर होतं आणि एक ओळ होती. तुझ्या आजोबांना मी चव्वेचाळीस वर्षं 'आग्वांतार' केलं. सोसणं, निभावणं, तग धरणं, सगळं त्या एका शब्दात.

आशा तिथे अडकली ती अडकलीच. "टॉलरेट म्हटलं तर सरकारी नोटीस वाटते," ती म्हणाली. "एन्ड्युअर म्हटलं की आजी रडायलाच बसते. पुट अप विथ म्हणजे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. आणि आजी तर इथे हसतेय हो. पण थकलेलीही आहे."

मी ताबडतोब आजोबांचं वकीलपत्र घेतलं. न सांगता पाहुणे आणणं, दुरुस्त केलेल्या मिक्सरचे चार स्क्रू उरणं, चव न घेताच मीठ मागणं, यावरून माणसाला छळवादी ठरवणार का, असा मी मुद्दा मांडला.

"हे पत्रात कुठे आहे?" आशाने विचारलं.

तेवढ्यात बाल्कनीतून आरोळी आली. माझ्या सासूबाई, लंकाबाई, आठवड्यापूर्वी दोन गोण्या उन्हाळी कांदा घेऊन आल्या होत्या. त्यांनी तो बाल्कनीत पसरून ठेवला होता. वासाने पाहुण्यांपुढे लाज नको म्हणून मी तो गुपचूप पत्र्याच्या पिंपात भरून वर घट्ट झाकण लावलं होतं. आता त्यांनी झाकण उघडलं होतं, आणि तो वास शेजारच्या इमारतीपर्यंत गेला असावा.

"जावईबापू, कांदा कोंडत्यात व्हय कुणी?" त्या फतकल मारून नासके कांदे वेगळे काढायला लागल्या. "कांदाचाळीला फटी कशापायी ठेवत्यात? वारा लागाया. आठ दिसांनी हात फिरवायचा, नासकं दिसलं का तिथंच काढायचं. झाकलं का समदं जातं."

आशा दारात उभी होती. तिने एकदम आपल्या वडिलांबद्दल विचारलं, "आई, दादांना तू कसं सोसलंस गं?"

"सोसलं?" लंकाबाई चिडल्याच. "म्या काय आजारी व्हते? टिकले त्यांच्यासंगं. आठ दिसांनी अंगणात बसून समदं बोलून घ्यायचो, ते बी आन मी बी. लय भांडायचो. शेजारीण म्हनायची, मोडला संसार. आन चहा मातर संगंच."

आशा वळली ती थेट टेबलापाशी. तिने ती ओळ सोडली आणि पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतलं. कोंबड्यांच्या पानावर ते सापडलं. दर रविवारी छपरावरून आजी-आजोबांचं अंगणात भांडण व्हायचं, गल्ली ऐकायची, आणि मग आजोबा शिडी धरायचे, आजी वर चढायची. छप्पर काही गळायचं थांबलं नाही.

तिने इंग्रजीत लिहिलं, 'तुझ्या आजोबांबरोबर मी चव्वेचाळीस वर्षं टिकले.' लास्टेड. खाली टीप दिली, की मूळ शब्दात दमणूक आहे आणि ऐटही आहे, मला इंग्रजीत दोन्ही एकत्र मिळाली नाहीत. तेव्हा ही ओळ शिडीसकट वाच.

शनिवारी दुपारी उत्तर आलं. बाळाचं नाव तोमास.

मी खटला जिंकल्याच्या आनंदात पेढे आणले. एक आशापुढे धरला आणि लाडात येऊन विचारलं, "आणि मी? माझ्याबरोबर टिकलीस ना?"

तिने पेढा तसाच ठेवला. मग तिने बाल्कनीत दोन खुर्च्या मांडल्या, मला एकीवर बसवलं, आणि बारा वर्षं कुकरला जे सांगत आली होती ते पहिल्यांदा मराठीत सांगायला सुरुवात केली. पाहुण्यांपासून. शेजारचे लोक खिडक्यांत आले. मीठ आणि मिक्सर तर सुरुवातीलाच होऊन गेले. माझ्या आईच्या आजारपणात मी तिला एकदाही "दमलीस का" असं विचारलं नव्हतं, हे शेवटी आलं. मला खरंच वाईट वाटलं, आणि मी तसं म्हणालो.

आत लंकाबाईंनी चहा टाकला होता.

"झालं?" मी विचारलं.

"या आठवड्याचं झालं," आशा म्हणाली आणि पेढा उचलला.