पाचव्या उद्गारातला कापूस

गुड फ्रायडेला अकोल्यातल्या आमच्या चर्चमध्ये भर दुपारी सात जण बोलतात. प्रभूनं क्रुसावरून काढलेले उद्गार सात, म्हणून उपदेश करणारेही सात. माझं माहेर अमरावतीचं, राजापेठेतलं. तिथं सातही उद्गारांवर पाळक एकटेच बोलत आणि तिसऱ्या उद्गाराला माझा डोळा लागलेला असे. लग्न होऊन इकडे आले तेव्हा ही वाटणी पाहून मला भारी नवल वाटलं. कोणाला कोणता उद्गार हे ठरतं कसं? खोदून खोदून विचारायची खोड मला लहानपणापासूनच आहे. चिठ्ठ्या टाकतात, असं कळलं. पण चिठ्ठ्या सहाच. पाचवा उद्गार, ‘मला तहान लागली आहे’ हा, कायम माझ्या सासऱ्यांचा.

बाबा एरवी वर्षभर शेवटच्या बाकावर, पंख्याखाली. नाताळाआधीच्या आगमनकाळातले मेणबत्त्यांचे रविवार असोत, वेदीपुढं तुरीची पेंढी आणि ज्वारीची कणसं रचलेला कापणीचा सण असो, नाहीतर ईस्टरची पहाटेची उपासना. दोन शब्द बोला म्हटलं की ते हात जोडत. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस. “मले बोलता येत नाई,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पाळक बदलून येत, आणि मंडळीचे पंच नव्या पाळकांना आधीच सांगून ठेवत, साहेब, पाचव्याला हात लावू नका.

त्यांचा उपदेशही दरवर्षी तोच, जेमतेम पाच मिनिटांचा. त्यात एक चूक असे, तीही दरवर्षी तीच. शास्त्रात, म्हणजे बायबलात, प्रभूच्या तोंडाशी धरलेला, आंबेत म्हणजे आंबट द्राक्षारसात भिजवलेला स्पंज आहे. बाबा म्हणत, “कोनीतरी कापसाचा बोळा भिजवला आन् वर धरला.” मागची तरुण मंडळी एकमेकांना कोपर मारत. एकदा चहाच्या वेळी एका पाळकांनी हळूच सुचवून पाहिलं, की कापूस काही शास्त्रात नाही. बाबा म्हणाले, “साहेब, वऱ्हाडात स्पंज कोनं पाह्यला?” सगळे हसले, मीही हसले. पण बाबांनी उत्तर टाळलं, असं मला तेव्हाच वाटलं होतं.

यंदा संक्रांतीनंतर त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली आणि गिळता येईना. नाकात नळी घातली. तोंडानं पाण्याचा एक घोटही द्यायचा नाही, फुप्फुसात जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. मात्र पिळलेल्या ओल्या कापसानं ओठ आणि जीभ पुसत राहा, म्हणाले. तोंड कोरडं राहिलं तर घाण साचते आणि छातीत उतरते, त्यानंच पेशंट जातो.

दवाखान्यातल्या सिस्टर कापूस घेऊन आल्या तेव्हा बाबांनी दात घट्ट मिटून घेतले. घरी मी प्रयत्न केला, तर भिंतीकडे तोंड फिरवलं. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू झाले, ऊन तापायला लागलं, त्यांचे ओठ भेगाळून रक्त येऊ लागलं. पाणी मात्र त्यांनी एकदाही मागितलं नाही. नवरा म्हणे, चिडचिडे झालेत, सोड. मला सोडवेना. छातीत घरघर ऐकू यायला लागली होती आणि मी घाबरले होते. त्यात ते कोडंही डोक्यातून जात नव्हतं. शास्त्रात नसलेला कापूस दरवर्षी शास्त्रात घालणारा माणूस स्वतःच्या ओठांना कापूस का लागू देत नाही?

गुड फ्रायडेच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी पाळक भेटायला घरी आले आणि मला म्हणाले, यंदा पाचवा तुम्ही घ्या. ते गेल्यावर मी बाबांच्या खाटेशी बसले.

“बाबा, तो कापूस कुठून आला?”

“तुले काय करा लागते?”

“मला उपदेश करायचाय.”

ते बोलले, पण थांबत थांबत, जड जिभेनं. ते शाळेत असताना त्यांच्या आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. पाणी द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ती घोटभर मागत राहिली. बाबांनी लोटा खाटेखाली सरकवला आणि त्याच्यापुढं पाय आडवा घालून बसले. दुसऱ्या दिवशी ती गेली. सामान उचलताना यांनी पाहिलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईचे ओठ सिस्टर ओल्या कापसानं पुसत होती.

“तेवढं चालत होतं. मले कोनी सांगतलंच नाई.” मग म्हणाले, “मायले नाई भेटलं. मंग मले काहून?”

मला रडू फुटलं, आणि मागोमाग रागही आला. म्हटलं, “बाबा, इतकी वर्षं तुम्ही अर्धाच उद्गार सांगितलात. बोळा वर धरला, मग पुढं? प्रभूनं तोंड फिरवलं का?” मी शास्त्र काढून योहानाच्या शुभवर्तमानातली पुढची ओळ वाचून दाखवली. त्यानं ते आंबट घेतलं, असं तिथं स्वच्छ लिहिलं आहे. बाबांनी डोळे मिटून घेतले. मी कापूस ओठांशी नेला. त्यांनी तोंड उघडलं नाही.

शुक्रवारी पंखे गरम वारा टाकत होते. शेवटच्या बाकावरची त्यांची जागा लोकांनी रिकामी ठेवली होती. बरंच काही लिहून नेलं होतं, ते मी वाचलंच नाही. इतकंच म्हणाले, की कोणीतरी कापसाचा बोळा भिजवून वर धरला. प्रभूनं मागायची लाज धरली नाही, आणि दिलेलं नाकारलंही नाही. मागून कोणी कोपर मारलं नाही. सहावा उद्गार सुरू झाला आणि मी उठून बाहेर पडले. त्या उपासनेतून मधेच कोणी उठत नाही. माना वळल्या, वळू दिल्या.

घरी बाबा घड्याळाकडं बघत पडले होते.

“झालं?”

“झालं.”

“काय म्हनली?”

“कापूसच म्हणाले. आणि त्यानं घेतला, हेही सांगितलं.”

मी माठातलं पाणी वाटीत घेतलं, बोळा भिजवला, घट्ट पिळला आणि ओठांशी धरला. त्यांनी तोंड उघडलं. मी बोळा जिभेवरून फिरवला.

मग वाटीकडं बघत म्हणाले, “आखीन.”