दणकट रोप

शिबिराच्या मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मी तुमचे दोष काढायला आलेले नाही. ते काढणारे तुमच्याकडे भरपूर आहेत." आम्ही हसलो. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. इंदिरानगरच्या नव्या इमारती संपून मळे सुरू व्हायचे, तिथे आमची शाळा. दहावीच्या मुलांचं मन आणि तब्येत धड राहावी म्हणून कुठल्याशा संस्थेने मॅडमना पाठवलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक मुलात काहीतरी बळ असतं. ते हुडकायचं, त्याला खतपाणी घालायचं, बाकीचं आपोआप सुधारतं. खतपाणी म्हटल्याबरोबर अख्ख्या वर्गाने वळून माझ्या ताईकडे पाहिलं.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण माझ्याच वर्गात. एक वर्ष टायफॉइडने खाल्लं, एक आईच्या आजारपणात मळा सांभाळण्यात गेलं. पहाटे आम्ही दोघी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायचो आणि तशाच शाळेत यायचो. मळ्यातल्या खताचा वास दोघींच्या अंगाला यायचा, पण 'शेणखत' हे नाव तिला एकटीला पडलं, कारण मला कुणी म्हटलं की मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. एकाचा तर दात हलवला होता. ताई बाकावर खडूने लिहिलेलं ते नाव हाताने पुसायची आणि तिथेच बसून गणितं सोडवायची. मुकी बिचारी कुणी हाका. तिला बारावी करून डी.एड.ला जायचं होतं, बाई व्हायचं होतं. हे तिने फक्त मला सांगितलं होतं.

मॅडमनी सगळ्यांना गोल बसवलं. एकेकाने उभं राहायचं आणि बाकीच्यांनी त्याचा गुण सांगायचा. माझ्या वेळी एकही हात वर झाला नाही. शेवटी मागून कुणीतरी "आवाज मोठा आहे" म्हणालं आणि सगळे खिदळले. ताई उभी राहिली तेव्हा मात्र हातच हात वर झाले. "मॅडम, ही कधीच रागावत नाही." "कितीही चिडवा, रडत नाही." "हिचा डबा सांडला तरी काही बोलली नाही." डबा ज्याने सांडला होता तोच हे सांगत होता! चार वर्षं ज्यांनी तिला छळलं त्यांनीच तिला सोशिकपणाचं बक्षीस दिलं, आणि मॅडमचे डोळे भरून आले. "केवढं मोठं बळ आहे हे," त्या म्हणाल्या. "ही मुलगी कुठेही निभावून नेईल."

शेवटच्या दिवशी पालकांना बोलावून त्यांनी हेच आबांना सांगितलं. आबा हात जोडून ऐकत होते. बाजारात दलालाशी दोन हात करणारा माझा बाप शिकलेल्या माणसापुढे उभा राहिला की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. मॅडम म्हणाल्या, "हिच्या गुणाला वाव द्या." आबांनी मान हलवली.

आता आबांची लावणीची रीत सांगते. आमच्या मळ्याचा एक कोपरा खडकाळ होता. रोपं लावायची वेळ आली की आबा वाफ्यातली सगळ्यांत दणकट रोपं निवडून त्या कोपऱ्यात लावायचे, आणि नाजूक रोपांना पाटाजवळची काळी जमीन. "जे तगतं त्याला कुठंबी लावा," ते म्हणायचे. शेतकऱ्याच्या हिशेबाने यात काही चूक नव्हती.

दहावीला ताई माझ्यापेक्षा जास्त मार्कांनी पास झाली. त्याच महिन्यात सटाण्याकडचं स्थळ आलं. मोठं खटलं, कांदा साठवायची चाळ, आणि सासू अशी की पहिली सून वर्षाच्या आत माहेरी पळाली होती. हे सगळं ठाऊक असूनच आबांनी होकार दिला.

मी थयथयाट केला. "मग मला द्या तिथं!"

"तू?" आबा म्हणाले. "तू दोन दिस बी नाय टिकायची. तू शिक कालेजात. ही लय सोशिक हाय. तुमच्या म्याडमच म्हणल्या."

मी सायकल हाणत मॅडमचं घर गाठलं आणि त्यांना घेऊन आले. त्या खरंच आल्या, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ओसरीवर बसून त्यांनी आबांना, आईला, आमच्याकडेच राहणाऱ्या आत्याला काही न विचारता थेट ताईलाच विचारलं, "तुझी काय इच्छा आहे? मोकळेपणाने सांग." ओसरीवर सगळी माणसं, आत्याचा डोळा तिच्यावर, आणि म्हणे मोकळेपणाने! सोसण्यासाठी जिचं कौतुक झालं ती आता भांडेल कशी? ताई खाली बघून म्हणाली, "चालेल मला." मॅडमनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली. मग मॅडम उठल्या आणि जाताना मला म्हणाल्या, "निर्णय तिचा आहे, बाळा. त्याचा आदर करायला शिक." त्या क्षणी मला त्या बाईचा जेवढा राग आला तेवढा आबांचाही आला नव्हता. ताईच्या लग्नात त्या बाईने मिक्सर दिला.

मी अकरावीला गेले. पाटाजवळची काळी जमीन मला मिळाली, आणि मी तिथे वाढले, खोटं कशाला सांगू. ताई सणाला यायची, दर वेळी थोडी बारीक होऊन. आईने काही विचारलं की "बरं आहे" म्हणायची.

माझा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी ती आमच्याकडे आलेली होती. चाळीच्या शिडीवरून पडले, एवढंच तिने सांगितलं होतं. तिथे कुणी डॉक्टरकडे नेलं नव्हतं, हाताचं हाड वेडंवाकडं जुळलं होतं. आईने रात्रभर रडून "आता नाय धाडायची" म्हटलं होतं. आबा तिच्या हाताकडे बघत म्हणाले होते, "दुसरी असती तर मोडून पडली असती." त्यांच्या आवाजात काळजी होती आणि, देवाशपथ, थोडा अभिमानही होता.

मी पास झाले म्हणून आबांनी पेढे आणले. सगळ्यांनी मला भरवले. ताईही पुढे आली, तिने पेढा उचलला आणि माझ्या तोंडाशी धरला.

"अगं, डाव्या हाताने भरवतं का कोणी?" आत्या खेकसली.

"चुकलं," ताई म्हणाली. तिने पेढा उजव्या हातात ठेवला, डाव्या हाताने तो उजवा हात कोपरापासून उचलला आणि माझ्या तोंडापर्यंत आणला. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि ती हसत होती. आत्याचं समाधान झालं. मी तोंड उघडलं.