बाचा जोहार

"वाकून दाखव," प्रांतसाहेब म्हणाले.

मी चावडीच्या पायऱ्यांखाली उन्हात उभी. वर सावलीत खुर्चीवर साहेब, शेजारी फौजदार, खांबाला टेकून पाटील, आणि ओट्यावर सगळं गाव. बाईमाणूस एकटी मीच. साहेबांचा आवाज चढा नव्हता, उलट मऊ होता. "तुझा बाप दगड उचलत नव्हता, जोहार घालत होता, असं म्हणतेस ना? मग जोहार कसा घालतात ते वाकून दाखव."

ओट्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं. एक जण म्हणाला, "घाल की गं, लाजतीस कशापायी?" मग सगळेच हसले. आज इतकी वर्षं झाली, ते हसू आठवलं की अजून अंगाची लाही होते.

साल बेचाळीसचं. मिरजगावच्या अलीकडं आमचं गाव. आम्ही महार. गावात सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्याला गवत आणि चुलीला सरपण आमच्या घरानं पोचवायचं, ही आमच्या गळ्यात बांधलेली गावकी. बा पुढं, डोक्यावर भारा घेऊन मी मागं. त्या दिवशीही तसंच निघालो. गावातली शिकलेली पोरं चावडीवर झेंडा लावायला जमली होती. घोषणा चालल्या होत्या. फौजदारानं पोलीस आडवे उभे केले होते. आम्हाला त्यातलं काही ठाऊक नाही. गवत टाकायचं आणि माघारी फिरायचं, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात गर्दीतून एक दगड आला आणि फौजदाराच्या खांद्यावर बसला. तो मारला पाटलाच्या पुतण्यानं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. फौजदार गर्रकन वळला. समोर बा.

आता साहेब समोर आला की आमचा माणूस काय करणार? वाकणार. जमिनीला हात लावणार, मग कपाळाला. मग भोवती लाठ्या चालोत नाहीतर आभाळ कोसळो. बा वाकला. "जोहार मायबाप" तोंडातून पुरतं निघालंसुद्धा नाही. फौजदाराला वाटलं, हा दुसरा दगड उचलतोय. लाठी थेट बाच्या टाळूवर. बा पडला, तर पडलेल्याला आणखी दोघांनी हाणलं. माझ्या डोक्यावर भारा होता, म्हणून मला वाकता आलं नाही. म्हणून मी वाचले.

बा जगला, पण वाचा गेली ती गेलीच. आढ्याकडं बघत पडून असायचा. आणि दाराशी कुणाची चाहूल लागली की उजवा हात धडपडत जमिनीकडं न्यायचा. मला बघवायचं नाही. आय म्हणायची, "सवय हाय त्येंची." मला आयचाही राग यायचा.

गावात मग नुसती चर्चा. शाळेचे मास्तर चावडीच्या पायरीवर बसून मोठ्यानं पेपर वाचायचे. पोलिसांनी बळ वापरलं ते गरजेपुरतं की वाजवीपेक्षा जास्त, यावर ओट्यावर रोज खडाजंगी. "निःशस्त्र जनतेवर लाठ्या!" म्हणताना मास्तरांचा आवाज कापायचा. चावडीचं अंगण झाडता झाडता मी ऐकायचे. कुणाला किती लागलं, नावं घेऊन सांगायचे. कुणाचं कोपर, कुणाची करंगळी. बाचं नाव त्यात कधीच नव्हतं.

मग प्रांतसाहेबांची चौकशी लागली. दगड कुणी मारला? आदल्या दिवशी पाटील महारवाड्याच्या कडेला येऊन उभा राहिला. आत कसा येईल! तिथूनच म्हणाला, "तुज्या बानं दगुड मारला म्हन. त्यो तर आता कामातनं गेला. त्येला काय जेलात न्हेत न्हाईत. पोरांचा जलम वाचंल."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्खकन पडलं. फौजदार म्हणणार, महार दगड उचलत होता म्हणून मारला. गाव म्हणणार, दगड महारानंच मारला. एकमेकांच्या उरावर बसलेले हे दोघे, पण बाच्या बाबतीत त्यांचं एकमत! बाचं डोकं फुटलं ते फुटलं, वर गुन्हाही त्याच्याच माथी.

मी चावडीवर जे पाहिलं तेच सांगितलं. पुतण्याचं नाव घेतलं. तेव्हा साहेबांनी वाकायला सांगितलं.

आणि मी वाकायला लागले. खोटं कशाला सांगू. अंगातच होतं ते. कमरेतून निम्मी खाली गेले, हात जमिनीकडं गेला, आणि मला नुसती माती दिसली. पायऱ्या नाहीत, साहेब नाही, फौजदार नाही. कुणाचं तोंड दिसेना. मनात आलं, बालाही हेच दिसलं असेल. लाठी येतेय हे त्याला कळलंसुद्धा नसेल.

मी ताठ झाले.

"न्हाई दाखवनार," मी म्हणाले. "माजा बा रोज सकाळी ह्या पाटलाम्होरं वाकायचा. किती वाकायचा, हात कुठं लावायचा, त्येस्नी इचारा."

हसणं थांबलं. साहेबांनी पाटलाकडं पाहिलं. पाटील खाकरला आणि म्हणाला, "आता, तितकं कोन बघतंय सायेब?"

अरे, माझ्या बाची हयात गेली तुझ्यापुढं वाकण्यात! आणि तू बघितलंसुद्धा नाहीस!

साहेबांनी काय लिहिलं ते मला कुणी सांगितलं नाही. पुढं पेपरात आलं म्हणे, बळ वापरलं ते गरजेपुरतंच. मास्तर लई तापले. पुतण्याच्या केसालाही धक्का लागला नाही. बाला न्यायला कुणी आलं नाही, आणि विचारायलाही नाही. सुगीला मिळणारं आमचं धान्य मात्र पाटलानं बंद केलं. आय रडून म्हणाली, "वाकली असतीस तर काय झिजली असतीस का गं?"

"आये, वाकल्यावर मारनारा दिसत न्हाई," मी म्हणाले.

पुढच्या वेळी गवतासाठी बोलावणं आलं, तेव्हा मी गेले नाही. आमच्या आळीतल्या बायांनाही जाऊ दिलं नाही. शिव्या खाल्ल्या, उपास काढले. बा गेल्यावर त्याला मूठमाती दिली तेव्हाही तेच मनात घट्ट होतं, आणि माझ्या पोरांना मी तेच शिकवलंय. साहेब येऊ दे, पाटील येऊ दे, नाहीतर झेंडा घेतलेला पुढारी. ताठ उभं राहायचं आणि त्याच्या हाताकडं बघायचं. लाठी उचलली तर उचलू दे. कुणी उचलली ते आपल्याला दिसलं पाहिजे, आणि त्याचं नाव चावडीवर चार माणसांत घेता आलं पाहिजे.