पोळ्याले येईन, असं मी म्हणालो होतो

गावाजवळच्या जानेफळच्या स्टँडवर एस.टी. लागली तेव्हा माय रडली, बहीण रडली. आबांनी मात्र माझ्या बॅगेची चैन नीट लागली का ते ओढून पाहिलं आणि "जेवत जाय" एवढंच म्हणाले. कधी येशील, असं काही विचारलं नाही. मला असा राग आला! गावातून क्रोएशियाला निघालेला पहिला पोरगा मी, अन् बापाला एवढंही विचारावंसं वाटू नये? मेहकर येईपर्यंत मी खिडकीबाहेर तोंड करून बसलो होतो.

खरं तर मला माहीत होतं. "उभ्या पिकात पुढचं बोलू नाई," हा आबांचा कायदा. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेला लागली की बांधावरून जाणारा हटकून विचारायचा, "काय मंग, यंदा किती होईन?" आबा म्हणत, "उभी आहे बापा." बस. वर्षातून एकदाच ते उद्याचं बोलत, तेही बैलांशी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळायचे अन् कानाशी सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ते आवतन आबांनी कधी खोटं पडू दिलं नाही.

मला हे सगळं जुनाट वाटायचं. बीटी बियाण्याची पाकिटं विकणारा जीपमधून यायचा, छाती ठोकून सांगायचा, आता अळी लागणारच नाही, वेचता वेचता थकून जाल! मला तो माणूस आवडायचा. एका वर्षी पऱ्हाटीत उभा राहून मीही बोलून गेलो, "आबा, यंदा कापूस घरात मावणार नाई, पाहाच तुम्ही." दिवाळीच्या तोंडावर बोंडं फोडली तर आत गुलाबी अळ्या. आता अळी काही माझ्या बोलण्यानं आली नव्हती, ती साऱ्या जिल्ह्यात आली होती. पण आबा मला एका शब्दानं बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तसेच आणखी दोन-तीन हंगाम गेले अन् मी पासपोर्ट काढला.

इथं झादर नावाच्या समुद्रकाठच्या शहरात मी एका हॉटेलच्या किचनमध्ये भांडी घासतो. किचनला इथं कुहिन्या म्हणतात, कामाच्या परवान्याला दोझ्वोला. हिवाळ्यात हॉटेल ओस पडतं, तेव्हा मी मंगळवारी वाचनालयातल्या भाषेच्या वर्गाला जाऊ लागलो. शिकवायला वेस्नाबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी भविष्यकाळ घेतला. बहुतेक क्रियापदांची शेपटी कापायची अन् पुढे 'चु' लावायचा. रादिती म्हणजे काम करणं. रादित चु, मी काम करीन. काहींची शेपटी तशीच राहते. दोचि चु, मी येईन. आपण 'ईन' लावतो तसंच, सोपं आहे. तरी माझं घोडं अडलंच. बाईंनी पुढच्या वर्षाबद्दल पाच वाक्यं लिहायला सांगितली, तर मी पाचही वाक्यांच्या आधी लिहिलं, 'आको बोग दा', देवानं दिलं तर. देवानं दिलं तर मी काम करीन. देवानं दिलं तर मी सायकल घेईन. बाई पोट धरून हसल्या. त्यांची खेड्यातली आजी असंच बोलायची म्हणे. मग लाल पेननं पाचही ठिकाणी काट मारली. परीक्षेत ठाम लिहायचं, म्हणाल्या.

मी ठाम बोलायला शिकलो अन् मला त्याची चटकच लागली. एका रविवारी फोनवर म्हणालो, "आबा, मी पोळ्याले येईन. तोरणाखाली बैलजोडी मीच नेईन."

आबा म्हणाले, "नक्की?"

"नक्की."

पोळा येतो भर सीझनमध्ये. हॉटेलात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. मालक म्हणाला, गेलास तर परत येऊ नकोस, अन् माझा दोझ्वोला त्याच्याच हॉटेलच्या नावावर. हे मला हिवाळ्यातच कळायला हवं होतं. पण माझं खरं पाप ते नाही. मी कळवलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो करत आठ दिवस घालवले अन् पोळ्याच्या दिवशी बहिणीच्या मोबाइलवर मेसेज टाकला. सणाच्या धावपळीत तिनं तो दिवे लागल्यावर पाहिला.

पुढचं तिनंच सांगितलं. जन्मात पुढचं न बोलणारा माझा बाप महिनाभर गावात सांगत फिरला होता, न्हाव्याला, किराणावाल्याला, पारावर. नव्या झुली शिवून घेतल्या होत्या. आदल्या संध्याकाळी बैलांच्या कानाशी आवतन देताना म्हणाले होते, "उद्या आपला गजू येते." पोळ्याच्या दिवशी सकाळपासून ते जानेफळच्या स्टँडवरच्या बाकावर बसले. गावात पोळा फुटला, तोरण तुटलं, बाकीच्या जोड्या पळाल्या. आमची जोडी सजून-धजून गोठ्यातच उभी. मायनं तिथंच पूजा केली, पुरणपोळी चारली. आबा संध्याकाळच्या गाडीनं आले, झुली उतरवल्या, घड्या घातल्या अन् जेवले नाहीत. महिन्याभरात त्यांनी जोडी विकली.

मी फोन केला. "आबा, चुकलं माह्यं."

"जेवला काय?"

"हाव. आबा, यंदा मी..."

"पुढचं बोलू नाई," आबा म्हणाले. "येशील तवा येजो. सांगू नको."

परीक्षा मी पास झालो. वेस्नाबाईंनी केक आणला होता. त्यांनी विचारलं, "काद चेश दोमा?" घरी कधी जाशील? उत्तर मला सगळ्या रूपांसकट येत होतं. मी म्हणालो, "आको बोग दा." या वेळी बाई हसल्या नाहीत.

पुण्याला, दुबईला, कुठं कुठं गेलेल्या माझ्या गाववाल्यांनो, तुमचं घर कशाला म्हणता ते तुम्हीच ठरवा. माझ्यासाठी घर म्हणजे जानेफळच्या स्टँडवरचा तो बाक. माझ्या एका शब्दावर एक माणूस तिथं दिवसभर बसला होता. त्याची लाज माझ्यानं अजून पुसली जात नाही.

तिकीट काढलं आहे. सीझन संपल्यावरचं. बहिणीलाही कळवलं नाही. मेहकर-जानेफळकडच्या कोणी हे वाचलंच, तर हात जोडतो, आबाले सांगू नका.