डावा अभ्रा, उजवा अभ्रा

दुकानाच्या पाटीवर नुसतं ‘भरतकाम करून मिळेल’ एवढंच लिहिलं होतं, पण पाटी वाचतंय कोण? सगळे त्याला ‘जावांचं दुकान’ म्हणायचे. आता गेली एकोणीस वर्षं तिथे एकच जाऊ बसत होती, तरी नाव जावांचंच. एखादं नवीन गिऱ्हाईक विचारायचं, “दुसऱ्या बाई दिसत नाहीत?” की धाकटी लगेच सुईत दोरा ओवायला लागायची. आधीच ओवलेला असला तरी.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. वय एकसष्ट, केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, पण नाव धाकटीच राहिलं. ती लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात थोरल्या जावेने तिचा भरलेला एक रुमाल हातात घेतला आणि सरळ उलटा केला. सुलट बाजूकडे ढुंकूनही बघितलं नाही.

“भरतकाम मागून बघायचं असतं गं. पुढून काय, सगळेच नटतात.”

मागे एक गाठ नव्हती, एक दोरा लोंबत नव्हता. थोरलीने रुमालाची घडी घातली, परत दिला आणि म्हणाली, “धाकटे, आपण दोघी मिळून काहीतरी करू या.” झालं. दुकानाची मुहूर्तमेढ म्हणा की काय म्हणा, ती एवढीच.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. रस्त्याकडे एक मोठी खिडकी, खिडकीखाली लांब फळी, भिंतीला रेशमाच्या लड्या टांगलेल्या. थोरली नक्षी काढायची, धाकटी भरायची. थोरलीला नक्षी कुठेही दिसायची. कपाच्या कानात, कोबीच्या कापलेल्या गड्ड्यात, जिन्याच्या कठड्यावर. एकदा तर तिचे यजमान पाठ खाजवत उभे होते, त्यांच्या कोपराच्या बाकावरून हिने आंब्याची कोयरी काढली, आणि ती कोयरी पुढे तीन वर्षं लोकांच्या पदरांवर मिरवली. यजमानांना मरेपर्यंत कुणी सांगितलं नाही.

काढलेली नक्षी ट्रेसिंगच्या कागदावर उतरवायची आणि रेघेरेघेवरून सुईने बारीक भोकं पाडायची. हा झाला खाका. तो कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायचा, की भोकांतून नक्षी ठिपक्याठिपक्यांनी कापडावर उतरते. छापायचं काम जिचा हात मोकळा असेल तिचं. थोरली छापायला बसली की तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. मग चारचा चहा आला की कप धरणार कसा? धाकटी बशीत चहा ओतून तिच्या तोंडाशी धरायची. थोरली फुंकर घालायची, एक घोट घ्यायची आणि हमखास म्हणायची, “साखर कमी आहे.” अख्ख्या आयुष्यात त्या बाईला चहा गोड लागला नाही.

खाक्याचा एक नियम होता. सुई वरून घातली की कागद खालून खरखरीत होतो. म्हणून गुळगुळीत बाजू वर, खरखरीत खाली. नक्षी दुसऱ्या दिशेला हवी असेल तर कागद पालथा करायचा. पण भोकं दोन्हीकडून सारखीच दिसतात, तेव्हा नुसतं बघून भागायचं नाही. “डोळे फसवतात, बोटं फसवत नाहीत,” थोरली म्हणायची. “हात फिरवून बघ आणि मगच ठेव.” धाकटीने हे इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतसुद्धा तिने हात फिरवूनच कागद ठेवला असता.

आणि नेमकी तिथेच माशी शिंकली.

बाइंडरच्या मुलीचं लग्न होतं. पुस्तकं बांधणारा बाइंडर, दोन घरं सोडून राहायचा. त्याने उशांचे दोन अभ्रे सांगितले. प्रत्येक अभ्र्यावर एक पाखरू, चोचीत काडी, दोन्ही पाखरं एकमेकांकडे बघणारी. खाका एकच. डाव्या अभ्र्यासाठी सुलटा ठेवायचा, उजव्यासाठी पालथा. अभ्र्याची बटणं बाहेरच्या बाजूला यायची, म्हणून कुठला डावा नि कुठला उजवा हे आधीच ठरलेलं, डाव्याला कोपऱ्यात लाल दोऱ्याची खूण. धाकटीने दोन्ही छापले. एक भरून, धुऊन, इस्त्री करून कागदात गेला तेव्हा दुसरा अजून भरतकामाच्या रिंगवर चढायचा होता. दोन्ही शेजारी शेजारी मांडून बघायला सवड कुणाला होती?

लग्नाच्या आदल्या दिवशी बाइंडरकडे बायका भेटवस्तू बघायला जमल्या. थोरली मोठ्या तोऱ्यात गेली. पलंगावर उशा मांडलेल्या, आणि दोन्ही पाखरांनी एकमेकांकडे पाठ केलेली. एक उजवीकडच्या भिंतीकडे बघतंय, एक डावीकडच्या. कुणीतरी फिस्सकन हसलं. “अगंबाई, यांचं आत्तापासूनच बिनसलं वाटतं!” आणि सगळ्या बायका हसल्या. थोरलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

ती घरी आली ती चप्पल न काढताच दुकानात.

“हात फिरवून बघायला काय झालं होतं तुला?”

“बघितला होता, जाऊबाई. शपथेवर सांगते.”

“मग पाखरं आपोआप फिरली वाटतं?”

थोरलीच पुढे म्हणाली, “मुद्दाम केलंस ना?”

आता हे मुद्दाम कुठून आलं, तेही सांगितलं पाहिजे. त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक थोरलीच्या देखत म्हणालं होतं, “नक्षी काय, कुणीही काढेल. खरा हात धाकटीचा.” धाकटी त्यावर गप्प बसली होती. लाजून गप्प बसली की आवडलं म्हणून, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. पण थोरलीच्या मनात ते कुसळासारखं रुतून बसलं होतं. आणि ‘मुद्दाम’ ऐकल्यावर धाकटीच्याही डोक्यात तिडीक गेली. ती बोलून गेली, “बरोबरच म्हणाली होती ती बाई. पेन्सिल काय, कुणीही फिरवतं.”

दोन वाक्यं. एक हिचं, एक तिचं. दोघी हुशार, दोघी मायाळू, पण अक्कल त्या घटकेला बाहेर फिरायला गेली होती. थोरलीने खाक्यांची ट्रंक उचलली. दोन महिन्यांत थोरल्या घराने रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड केलं. भाऊ-भाऊ दर रविवारी पत्ते खेळतच राहिले. जावा मात्र लग्नकार्यात भेटल्या तर “बरं आहे ना?” “बरं आहे,” एवढंच. धाकटीचा नवरा वैतागायचा. “तुमच्या त्या दोन पाखरांपायी वहिनींच्या हातचं जेवण बंद झालं माझं!”

थोरलीने पुन्हा पेन्सिल धरली नाही, असं धाकटीला नवऱ्याकडून कळायचं. धाकटीने दुकान चालवलं. बाजारात छापील खाके मिळतात, ते आणायची. तेच गुलाब, तेच मोर, मोराची मान कुठे संपते याचा पत्ता नाही. हात चालायचा, पण मन लागायचं नाही. चारला चहा यायचा. ती आपला कपाने प्यायची.

एका सोमवारी नवरा म्हणाला, “वहिनी शुक्रवारी जाताहेत. मुलाकडे, कायमच्या. घर रिकामं करायला घेतलंय. दादा गेल्यापासून एकट्याच होत्या. भेटून ये.”

“मला कुणी बोलावलंय?”

“तुला बोलावणं काय वाजतगाजत पाठवायचं?”

मंगळवार गेला. बुधवारी दुकानात एक चाळिशीची बाई आली. पिशवीतून तिने दोन अभ्रे काढले. कापड इतकं विरलेलं की पलीकडचा हात दिसावा. धाकटीने नक्षी बघितली आणि लगेच ओळखली. बाइंडरची मुलगी! लग्न होऊन लांब गेलेली, आता वडिलांचं घर सांभाळायला परत आलेली.

“काकू, मला अगदी असेच नवीन हवेत.”

“असे? अगं, हे चुकलेत. पाखरं पाठमोरी आहेत. मला ठाऊक आहे ना.”

“चुकलेत कुठे? मी पहिल्याच दिवशी उशा अदलाबदल केल्या. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. झाली की पाखरं समोरासमोर! बटणं मधे येऊन गालाला टोचायची, ती उसवून टाकली.” मग ती हसायला लागली. “आणि आमचं भांडण झालं ना काकू, की मी उशा परत मूळ जागी ठेवते. पाठीला पाठ. यांना खोलीत आल्या आल्या कळतं, आज काय वातावरण आहे ते. मग तेच गुपचूप उशा फिरवतात. एकोणीस वर्षांत एकदाही तोंडाने माफी मागितली नाही या माणसाने, पण उशी फिरवली नाही असं झालं नाही.”

धाकटी हसता हसता थांबली. उशा फिरवायच्या! एवढं साधं, आणि दोन शहाण्या बायकांना सुचलं नाही. तिने दुकानाला कडी घातली. पिशवीत अभ्र्यांचं पांढरं कापड घेतलं, निळीची डबी घेतली, रॉकेलची बाटली घेतली. कशाला घेतली म्हणाल, तर तिला विचारू नका.

थोरलीच्या घरात सगळं सामान बांधून भिंतीला लावलेलं. थोरली सत्तर वर्षांची, मधोमध खुर्चीवर बसलेली. धाकटीला दारात बघून ती उठली.

“जाऊबाई, बाइंडरच्या मुलीला तेच अभ्रे हवेत. खाका हवा होता.”

थोरली ट्रंकेकडे गेली. शोधावं लागलंच नाही. खाका सगळ्यात वर होता.

“हात फिरव,” ती म्हणाली.

धाकटीने वरून बोट फिरवलं. खरखरीत. पालथा केला. तीही बाजू खरखरीत.

“भोकं निळीने बुजली होती,” थोरली खाली बघत म्हणाली. “तू छापायच्या आदल्या दिवशी मी मागच्या बाजूने सुई घालून मोकळी केली, आणि तुला सांगायला विसरले. इथे आल्यावर महिन्याभराने हाताला लागलं तेव्हा उमगलं. वरची बाजू खरखरीत लागली म्हणूनच तू कागद उलटा ठेवलास. तू हात फिरवला होतास, धाकटे.”

धाकटी खाका मांडीवर घेऊन जमिनीवर बसली.

“महिन्याभराने? आणि आज सांगताय?”

“दोनदा तुझ्या दारापर्यंत आले होते. वाटलं, उद्या सांगू. मग वाटलं, आता इतक्या दिवसांनी कुठल्या तोंडाने सांगायचं. दिवसांची वर्षं झाली. म्हणून तर पेन्सिल सोडली मी.”

“तुम्ही पेन्सिल सोडलीत, आणि मी?” धाकटीचा आवाज चढला. “मी प्रत्येक खाक्यावर तीन-तीनदा हात फिरवते, जाऊबाई! एकदा फिरवून खात्रीच वाटत नाही. स्वतःच्या बोटांवरचा भरवसा गेला माझा! मी खोटं बोलत नव्हते हो. तुम्हाला तरी ठाऊक पाहिजे होतं!”

आणि ती रडायला लागली. एकसष्ट वर्षांची बाई, लहान मुलीसारखी, हुंदके देऊन. थोरली तिच्याजवळ जमिनीवर बसली. गुडघे दुखत होते तरी बसली. “चुकलं माझं,” ती म्हणाली, आणि तीही रडली. नाक पुसायला काही सापडेना, सगळं बांधलेलं. शेवटी अभ्र्याच्या कापडाचा कोपरा दोघींनी वापरला.

मग धाकटीने उशांची गोष्ट सांगितली. थोरली ऐकत राहिली, आणि ‘आज काय वातावरण आहे’ इथे आल्यावर अशी हसली की तिला ठसका लागला. “मेली त्या वेळी का बोलली नाही?” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

डबी उघडली, रॉकेलचा वास खोलीभर झाला. थोरलीने आपण होऊन बोळा केला आणि खाका उचलला.

“कसा ठेवू गं? बरोबर की चुकीचा?”

“चुकीचा. गिऱ्हाईकाने चुकीचाच सांगितलाय.”

चहा शेजारणीकडून आला. थोरलीचे हात कोपरापर्यंत निळे. धाकटीने बशीत चहा ओतला आणि तिच्या तोंडाशी धरला. थोरलीने फुंकर घातली, घोट घेतला.

“साखर कमी आहे,” ती म्हणाली.

शुक्रवारी ती गेलीच. तिकीट काढलेलं होतं, मुलगा न्यायला आला होता, थांबणार कशी? ट्रंक मात्र धाकटीकडे आली. आणि तीन आठवड्यांनी टपालाने एक लांब पाकीट आलं. आत नवा खाका. आगगाडीच्या खिडकीतून दिसलेली कसलीशी वेल, वळणं थोडी थरथरलेली, पण फुलाचा डौल तोच. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘ही बाजू वर.’

धाकटीने तरी हात फिरवून बघितला. एकदाच.